डायपर गळतोय? कंपनी बदलण्याआधी ओल कुठे आहे ते बघा

माझ्या पाळणाघरात सगळ्यात जास्त येणारी तक्रार ना जेवणाची, ना झोपेची. ती डायपर गळण्याची. आणि तिच्या मागोमाग ठरलेला प्रश्न: "ताई, ही कंपनी बेकार निघाली, दुसरी कुठली घेऊ?" घ्या हवी तर. पण बहुतेक वेळा नव्या पाकिटातला डायपरही तिथेच गळतो, कारण दोष बसवण्यात, मापात किंवा बदलण्याच्या वेळेत असतो. शूला फट सापडली की ती बाहेर येणारच, डायपर महागातला असो की स्वस्तातला.

म्हणून गळलेला डायपर लगेच गुंडाळून टाकू नका. आधी कपड्याची ओली जागा नीट बघा आणि डायपर उघडून हातात तोलून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

- डायपर टम्म फुगलेला, जड, पुढेमागे सगळीकडे भरलेला: त्याची कुवत संपली. बदलायला उशीर झाला किंवा माप लहान पडलं.
- पुढे किंवा मधे जेलचा गोळा, बाकीचा भाग कोरडा, तरीही पँट ओली: बसवण्यात गडबड आहे.
- एकाच मांडीच्या कडेने ओल: डायपरच्या पायाभोवतीची झालर आत दुमडली आहे, किंवा बाळ त्या कुशीवर झोपलं होतं.
- बेंबीच्या वर, पोटावर ओल: मुलगा असेल तर शूची दिशा वर राहिली. पालथं झोपणाऱ्या बाळालाही असंच होतं.
- पाठीवर पिवळा डाग, कधी थेट मानेपर्यंत: शीची गळती. ही वेगळी भानगड आहे, खाली लिहिलंय.
- डायपर फारसा भरलेला नाही, पण झबलं ओलंचिंब: झबल्याची कड आत अडकली आहे.
- फक्त पहाटे, किंवा फक्त गाडीत आणि कॅरियरमध्ये: वेळ आणि दाब.
- कापडी डायपर आधी चांगला चालायचा, आता गळतो: बहुधा साबणाचा थर.

डायपरच्या आत काय चालतं ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. वर मऊ पापुद्रा, त्याखाली शू पसरवणारा थर, त्याखाली लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक दाणे, आणि बाहेर पाणी न सोडणारा पडदा. दाणे शू पिऊन जेल होतात. पण प्यायला त्यांना थोडा वेळ लागतो आणि बाळ तर एकदम धार सोडतं. तेवढी काही सेकंदं शू वरच खेळत असते. तिला अडवून धरायचं काम दाण्यांचं नाही, पायाभोवतीच्या झालरीचं आहे. म्हणून तपासणीची सुरुवात झालरीपासून.

झालर: फुकट आणि पाच सेकंदांत

डायपरच्या पायाला दोन कडा असतात. बाहेरची चुणीदार, इलास्टिकची. तिच्या आत दुसरी एक पातळ पट्टी उभी राहते. कित्येक पालकांना ती असते हेच माहीत नसतं. पाय झाडणाऱ्या बाळाला पँट-डायपर घाईघाईने वर ओढला की आतली पट्टी जांघेत चिरडून आडवी पडते आणि बाहेरची आत वळते. मग मांडीपाशी बारीक नळी तयार होते. धार आली की त्या नळीतून थेट बाहेर.

उपाय असा: डायपर वर चढवल्यावर तर्जनी जांघेतून घाला आणि पुढून मागे, पार ढुंगणाखालपर्यंत फिरवा. बाहेरची कड आत वळली असेल तर बोटाला आधी गुळगुळीत घडी लागते, आणि ती बाहेर आली की चुण्या लागतात. आतली पट्टी उभी राहून जांघेच्या खाचेत बसली पाहिजे, मांडीवर नाही. दोन्ही पायांना करा. आमच्याकडे नव्या मदतनीस मावशींना पहिल्यांदा हेच शिकवते, आणि बऱ्याच बाळांची गळती एवढ्यावरच थांबते.

त्याच फेरीत कंबरेभोवतीही बोट फिरवा. झबल्याचं किंवा बनियनचं टोक आत राहिलं असेल तर सुती कापड वातीसारखं शू वर ओढतं, आणि डायपरात जागा असूनही कपडे भिजतात. लेकाचा डायपर बदलत असाल तर बंद करण्याआधी शूची जागा खाली वळवा. सांगायला आजीलाही संकोच वाटतो आणि बाबांनाही, म्हणून कुणी सांगतच नाही. ती वर राहिली तर धार थेट कंबरेच्या इलास्टिकवर जाते, आणि तिथे शोषणारा भाग जेमतेम असतो.

पुढचं मागे, वरचं खाली

पँट-डायपर उलटा चढवलेला आमच्याकडे अधूनमधून सापडतोच. गुंडाळून टाकताना चिकटवायची लहान पट्टी बहुतेक कंपन्या मागच्या बाजूला देतात. ती पोटावर दिसली तर डायपर उलटा आहे. पुढचा आणि मागचा काप वेगळा असतो, त्यामुळे उलटा बसला की ढुंगण उघडं पडतं आणि पुढे उगाच चोळामोळा होतो.

कंबरेची कड बेंबीच्या आसपास हवी आणि पुढेमागे एका उंचीवर हवी. मागचा भाग खाली राहणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण बाळ आडवं असताना आपण पुढूनच ओढतो. एकदा कुशीवर वळवून मागून वर ओढा. टेपचा डायपर असेल तर दोन्ही टेप सारख्या उंचीवर लावा. कंबरेत दोन बोटं सहज जायला हवीत. गळतो म्हणून करकचून आवळू नका. आवळल्याने पोटावर वळ उठतात, दूध प्यायल्यावर पोट फुगलं की बाळ कुरकुरतं, आणि पायाची फट होती तशीच राहते.

नाळ अजून पडली नसेल तर पुढची कड नाळेच्या खाली दुमडा. तेवढ्या दिवसांत पुढून थोडी गळती होईल, ती चालवून घ्या. नाळ कोरडी राहणं जास्त महत्त्वाचं.

वेळ

पाकिटावर "१२ तास" लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर दिवसा चालू नका. तान्ह्याचा डायपर दर दोन-तीन तासांनी, जरा मोठ्या बाळाचा तीन-चार तासांनी बदला. शी झाली असेल तर कळल्याक्षणी. गच्च झालेलं जेल पुढची धार पटकन ओढू शकत नाही. आत जागा शिल्लक असली तरी शू तिथपर्यंत पोचत नाही. पुष्कळ डायपरांवर मधोमध पिवळी रेघ असते, ती ओलीने निळी-हिरवी होते. रेघेचं टोक रंगलं म्हणून धावायची गरज नाही. पुढून मागपर्यंत सगळी रंगली आणि डायपर लोंबायला लागला की थांबू नका. लोंबता डायपर मांडीपासून सुटतो, आणि फट पडायला तेवढं पुरतं.

दाबाचं गणितही इथेच येतं. गाडीतलं सीट, कॅरियर, वॉकर, आजोबांची मांडी, सगळीकडे बाळाचं वजन भरलेल्या डायपरवर पडतं, आणि न मुरलेली शू कडेने निघते. प्रवासाला निघताना कोरडा वाटला तरी नवा चढवा. घाटात अडकल्यावर बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तेल, क्रीम आणि पावडर

आपल्याकडची खास अडचण. सकाळी मालिशवाल्या बाई भरपूर तेल जिरवून जातात, आंघोळ होते, आणि वर पुन्हा "कोरडं नको पडायला" म्हणून खोबरेल. मग टेप तेलकट हातांनी लावला जातो, धरत नाही, आणि तासाभरात सुटतो. मालिशीबद्दल माझं काही म्हणणं नाही. डायपर बांधण्याआधी हात आणि बाळाची कंबर कोरड्या फडक्याने पुसा, एवढंच.

पुरळाची क्रीम जाडजूड लावली तर ती वरच्या पापुद्र्याला लागते. झिंक ऑक्साइडची असो की पेट्रोलियम जेलीची, चिकट थरातून शू खाली उतरत नाही, कडेला पळते. बाळाची कातडी मुलायम आहे, पुरळ नाही, तर क्रीमची गरजच नाही. पुरळ असेल तर लागलेल्या जागीच पातळ हात फिरवा आणि मिनिटभर हवा लागू द्या. पावडर मात्र पूर्ण बंद करा. घामेजल्या जांघेत तिच्या गुठळ्या होतात, आणि उडालेली पूड बाळाच्या श्वासात जाते ते वेगळंच.

माप

आता पैशाचा भाग. इथपर्यंतचं सगळं करून गळती चालूच असेल तर माप बघा. पाकिटावरचे वजनाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. एस साधारण ४ ते ८ किलो, एम ७ ते १२, एल ९ ते १४ असं काहीसं. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. म्हणजे १० किलोचं बाळ एममध्येही बसतं आणि एलमध्येही. कुठलं घ्यायचं हे वजनकाटा सांगत नाही, मांडी सांगते. गुबगुबीत मांडीवर लाल वळ उठत असतील, मागून ढुंगणाची रेघ दिसत असेल, कंबर बेंबीच्या बरीच खाली राहत असेल तर मोठं माप घ्या. मांडी बारीक असेल आणि इलास्टिक आणि कातडीच्या मधे उजेड दिसत असेल तर वजन काहीही असो, लहान माप घ्या.

"मोठं घेतलं तर जास्त दिवस पुरेल" हा हिशेब डायपरला लागू नाही. मोठ्या मापात शोषणारा माल जास्त असतो हे खरं, पण पायाशी फट राहिली तर तो माल वापरातच येत नाही. ऑफर लागली म्हणून महिन्याभराचा गठ्ठा उचलू नका. दोन-चारचं छोटं पाकीट मेडिकलमध्ये मिळतं, त्यावर दोन रात्री काढा आणि मग ठरवा. उरलेलं पाकीट सोसायटीच्या ग्रुपवर टाका, दहा मिनिटांत कुणीतरी घेऊन जातं.

कंपनी बदलायचीच असेल तर आत्ता बदला, आधी नाही. कारण एकच: काप. काही डायपर मांडीशी अरुंद असतात, काही ढगळ. बारीक बाळाला ढगळ कापाचा डायपर मापात असूनही गळेल, आणि तिथे कंपनी बदलणं खरंच उपयोगी पडतं.

रात्र

दिवसा ठीक, पहाटे पाचला गादी ओली. इथे दोष कुणाचाच नसतो, तास जास्त होतात एवढंच. शेवटचं दूध पाजून झाल्यावर, झोपेच्या अगदी आधी कोरडा डायपर चढवा. संध्याकाळी सातचा चालवू नका. रात्रीपुरतं एक माप मोठं घेऊन बघा, मात्र मांडीची फट तपासून. मधल्या रात्री दूध पाजायला उठताच आहात, तर तेव्हाच एकदा बदला, आणि दिवा मंद ठेवा.

बाळ स्वतःहून पालथं होत असेल तर ओल पुढे येणार, कुशीवर झोपत असेल तर कडेला. त्याप्रमाणे पुढचा भाग किंचित वर ओढा किंवा त्या बाजूची झालर नीट बघा. गळती वाचवायला बाळाला झोपवण्याची पद्धत बदलू नका. वर्षाच्या आतलं बाळ झोपवताना पाठीवरच.

डायपरच्या आत ठेवायचे जास्तीचे पॅड मिळतात. त्यांना खालून प्लास्टिक नसतं, म्हणून भरले की शू खालच्या डायपरात उतरते. आईचं सॅनिटरी पॅड त्याजागी चालत नाही, कारण त्याला खाली पडदा असतो. शू त्यावर साठून कडेने वाहते. डायपरवर डायपर चढवण्याचंही तेच. आतल्याचा पडदा शू बाहेरच्यापर्यंत जाऊच देत नाही, तुम्ही मात्र दोन डायपर फेकता. एवढं करूनही एखादी पहाट ओली जाईलच, तेव्हा गादीवर मेणकापड किंवा ड्राय शीट असू द्या.

शी पाठीवर जाते तेव्हा

जेलचे दाणे पाणी पितात, शी पीत नाहीत. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, दाणेदार असते आणि जोरात येते. बाळ मांडीवर किंवा सीटमध्ये अर्धवट बसलेलं असेल तर खाली वाट बंद असते, मग ती पाठीकडून वर चढते. इथे मागच्या कंबरेची उंची आणि इलास्टिक एवढंच हातात आहे. मागची कड उंच ओढा, तीही बाहेर उभी राहिली पाहिजे, आत वळलेली नको. दूध प्यायल्याबरोबर शी करायची सवय असेल तर सीटमध्ये बसवायची घाई करू नका. पाठीकडून गळती रोजचीच झाली असेल तर माप लहान झालंय असं समजा.

कपडे काढताना डोक्यावरून ओढू नका, सगळं केसांना लागतं. पुढून बंद बांधायचं आपलं जुनं झबलं यासाठी उत्तम. बॉडीसूट असेल आणि खांद्यावर एकावर एक आलेल्या घड्या असतील तर गळा रुंद करून तो खाली, पायांकडून काढता येतो.

कापडी डायपर: सगळ्यात जास्त काम

साधा लंगोट गळतो म्हणून तक्रार करू नका. त्याला पडदाच नाही; प्रत्येक शूला बदलायचा, हाच त्याचा नियम. खिशाच्या कापडी डायपरचं मात्र तसं नाही. त्याला बाहेरून शू अडवणारं वेष्टन असतं आणि आतल्या खिशात इन्सर्ट, म्हणजे शोषणारी कापडी घडी, घालतात. तो गळायला लागला की कारण शोधावं लागतं.

पहिली परीक्षा इन्सर्टची. कोरड्या इन्सर्टवर चमचाभर पाणी टाका. लगेच मुरलं तर इन्सर्ट ठीक. पाणी मोत्यासारखं वर थांबलं किंवा घरंगळलं तर कापडावर थर बसलाय. तो साबणाचा असतो, फॅब्रिक सॉफ्टनरचा असतो, पुरळाच्या क्रीमचा असतो, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचा. सॉफ्टनर कायमचं बंद. धुण्याची पावडर मोजून टाका. पाणी जड असेल तर साबण कापडातून निघतच नाही. थर काढायला इन्सर्ट एकदा नेहमीसारखे धुऊन, मग गरम पाण्यात साबणाशिवाय पुन्हा पुन्हा खळबळा, पाण्याला फेस यायचा थांबेपर्यंत. बाहेरचं वेष्टन या गरम पाण्यात घालू नका, त्याचा पडदा सुटतो.

नवे सुती किंवा बांबूचे इन्सर्ट पहिल्या काही धुण्यांपर्यंत कमीच शोषतात, तेव्हा आल्या दिवशी निकाल लावू नका. मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचा इन्सर्ट झटकन पितो, पण दाबला की ओकतो. म्हणून तो वर आणि सुती-बांबूचा खाली अशी जोडी ठेवा. मायक्रोफायबर थेट कातडीला लावू नका, खिशातच हवा. पावसाळ्यात डोंबिवलीसारख्या हवेत इन्सर्ट वरून कोरडे आणि पोटातून दमट राहतात. दमट इन्सर्टची जागा आधीच निम्मी गेलेली असते. पंख्याखाली दाबून बघा, गार लागला तर अजून वाळलेला नाही.

दुसरी परीक्षा वेष्टनाची. ते वाटीसारखं धरून आत थोडं पाणी घाला आणि खालून हात दाबा. तळहात ओला झाला तर पडदा गेला, त्याला आता इलाज नाही. पायाचं इलास्टिक ताणून सैल झालं असेल तर शिंप्याकडून बदलून मिळतं.

डायपरच खराब निघाला तर

क्वचित निघतो. आतला लगदा तुटून एका बाजूला गोळा झालेला, झालर शिवणीतून सुटलेली, जेल बाहेर सांडणारं. बाळाच्या अंगाला जेलचे दाणे लागले तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसून टाका. मात्र तोंडात जाऊ देऊ नका. पाकीट जपून ठेवा, त्यावरचा बॅच नंबर आणि डायपरचा फोटो काढून पाकिटावरच्या ग्राहकसेवा नंबरवर कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

इथे थांबा आणि डॉक्टरांना फोन करा

पुढच्या गोष्टी डायपरने सुटणाऱ्या नाहीत. त्यावर पॅड, माप, कंपनी यांचे प्रयोग करत बसू नका.

शी अचानक पाण्यासारखी आणि वारंवार होतेय: ही गळती नाही, जुलाब आहेत. डॉक्टरांशी बोला, ओआरएस आणि झिंक किती द्यायचं ते विचारा, अंगावरचं दूध चालू ठेवा. तोंड कोरडं, रडताना पाणी नाही, टाळू आत गेलेली, बाळ मलूल, सहा-आठ तास शू नाही, शीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर फोनही नको, थेट दवाखाना गाठा.

मुलाच्या शूची धार येतच नाही, सतत थेंब थेंब गळतंय, किंवा शू टोकाऐवजी खालच्या बाजूने येते. मुलगी कधीच कोरडी राहत नाही, दोन शूंच्या मधेही ओल झिरपते. ही गळती डायपरची नसून तपासायला हवी अशी असू शकते.

शूला एकदम घाण वास आणि ताप. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर रात्र असली तरी थांबू नका.

डायपर अचानक खूप जड होऊ लागले, बाळ सारखं पाणी मागतंय आणि वजन उतरतंय: साखर तपासायला सांगा.

पुरळ दोन-तीन दिवसांत उतरत नाही, फोड येतात, पाणी किंवा पू येतो, किंवा जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि त्याभोवती बारीक ठिपके आहेत. शेवटचं बहुधा बुरशीचं असतं, त्याला वेगळं मलम लागतं. घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका.

आणि उलट बाजू: पाचव्या-सहाव्या दिवसानंतरचं तान्हं बाळ चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल तर गळती नाही म्हणून खूश होऊ नका, दूध पुरत नसेल. आताचे डायपर इतके पितात की थोडी शू हाताला कळत नाही. शंका असेल तर आत एक साधा टिश्यू ठेवा, तो ओला झाला की वेळ कागदावर टिपा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: दिवसात किती वेळा?